मोसंबीच्या मुळावर आलेला ग्रीनिंग

आजाऱ्याच्या भेटीला जाताना मोसंबी न्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. रुग्णालयांसमोरच्या फळगाड्यांवर आणि चौकाचौकांतील रसाच्या दुकानांत जवळजवळ वर्षभर दिसणारे हे फळ छत्रपती संभाजीनगरकरांसाठी फार लांबून येत नाही. पैठण, गंगापूर, फुलंब्री हे आपल्या जिल्ह्यातील तालुके आणि शेजारच्या जालना जिल्ह्यातील बदनापूर, अंबड, घनसावंगी हा सारा पट्टा मोसंबीचा आहे. पाचोडच्या बाजारातून ही मोसंबी दूरदूरच्या शहरांकडे रवाना होते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. आफ्रिकेतील मोझांबिकवरून नाव पडले असे मानले जाणारे हे फळ मराठवाड्याच्या मातीत इतके रुजले आहे, की त्याला परके म्हणणे आता कठीण आहे.

असे असले तरी मोसंबीच्या बागांविषयी एक तक्रार सातत्याने ऐकू येते. चांगली निगा राखली तर वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न देणारी बाग दहा-बारा वर्षांतच उतरणीला लागते. पाने पिवळी पडतात, शेंडे वाळतात, फळे लहान राहून गळतात. शेतकरी कधी पाण्याला दोष देतो, कधी खताला, कधी जमिनीला. बऱ्याच वेळा हा दोष खराही असतो. डिंक्या, ट्रिस्टेझा, कोळशी, अन्नद्रव्यांची कमतरता आणि दुष्काळ ही सारी संकटे लिंबूवर्गीय बागांच्या वाट्याला येतात. परंतु या गर्दीत एक रोग असा आहे, की जो इतरांच्या आड लपून राहतो आणि ओळखू येईपर्यंत बराच पसरलेला असतो. त्याचे नाव ग्रीनिंग. जगभर तो 'हुआंगलोंगबिंग' या चिनी नावानेही ओळखला जातो. लिंबूवर्गीय फळझाडांचा सर्वांत घातक रोग म्हणून शास्त्रज्ञ त्याच्याकडे बोट दाखवितात.

झाडाच्या रसवाहिन्यांतील चोर

ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग आहे. त्याला कारणीभूत असलेल्या जिवाणूचे नाव 'कॅन्डिडाटस लिबेरीबॅक्टर एशियाटिकस' असे आहे. त्यातील 'कॅन्डिडाटस' हा शब्दच एक अडचण सांगून जातो. जो जिवाणू प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढविता येत नाही, त्याच्या नावामागे शास्त्रज्ञ हा शब्द लावतात. शत्रूला स्वतंत्रपणे वाढवून त्याचा अभ्यास करता येत नसल्याने त्याच्यावर औषध शोधणेही अवघड होऊन बसले आहे.

हा जिवाणू झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो. पानांत तयार झालेली साखर मुळांपर्यंत आणि फळांपर्यंत पोहोचविण्याचे काम या वाहिन्या करतात. जिवाणूचा शिरकाव झाला की त्या तुंबू लागतात. पानांत पिष्ट साचत जाते आणि दुसरीकडे मुळे उपाशी राहतात. मुळे उपाशी राहिली की ती झडतात. मग जमिनीत पाणी व खत असूनही झाडाला ते घेता येत नाही. शेतकरी खताची मात्रा वाढवितो, झाड मात्र खंगतच जाते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही महिने, कधीकधी दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. हिरवेगार दिसणारे झाड त्या काळात रोगाचे कोठार बनलेले असते.

एक गोष्ट वाचकांनी निःशंकपणे लक्षात घ्यावी. हा रोग झाडाचा आहे, माणसाचा नाही. रोगट झाडाचे फळ खाल्ल्याने कोणालाही अपाय होत नाही. मात्र असे फळ लहान, वाकडे आणि चवीला कडवट असते.

पुण्यात लागलेला शोध

या रोगाच्या इतिहासात महाराष्ट्राला मानाचे स्थान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. चीनमध्ये लिन कुंग-हसियांग यांनी १९५६ मध्ये हा रोग कलमातून पसरतो, हे दाखवून दिले. दक्षिण आफ्रिकेत याच स्वरूपाचा रोग १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून ज्ञात होता आणि तेथील शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये तो एका किडीमार्फत पसरत असल्याचे सिद्ध केले. भारतात मात्र लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासाला बराच काळ केवळ 'शेंडेमर' असे म्हटले जात होते. ऑस्ट्रेलियातील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ लिलियन फ्रेझर यांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९६६ मध्ये या शेंडेमरीमागे ग्रीनिंग असावा, असे प्रतिपादन केले. त्यानंतर १९६७ मध्ये पुण्यात काम करणारे एस. पी. कपूर, राव आणि विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी भारतात हा रोग 'सिट्रस सायला' ही कीड पसरविते, हे प्रयोगाने दाखविले. आज जगभरच्या ग्रीनिंगविषयक लेखनात त्यांच्या या संशोधनाचा उल्लेख आढळतो.

त्या काळी हा रोग विषाणूमुळे होतो, अशी समजूत होती. पुढे रोगट झाडांना टेट्रासायक्लीन व पेनिसिलीन दिल्यावर लक्षणे कमी होतात, असे दिसून आले. विषाणूवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही, म्हणून हा जिवाणूच असला पाहिजे, या निष्कर्षाप्रत शास्त्रज्ञ आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आणि नंतर जनुकीय तपासणीने त्यावर शिक्कामोर्तब केले.

तीन मिलिमीटरचा वाहक

सिट्रस सायला ही कीड आकाराने अवघी तीन ते चार मिलिमीटर असते. रंग मळकट तपकिरी, पंखांवर ठिपके. तिला ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तिची बसण्याची ढब. डोके पानाला टेकवून आणि शेपटीकडचा भाग वर उचलून ती सुमारे पंचेचाळीस अंशांच्या कोनात बसते. तिची पिले चपटी, पिवळसर-नारिंगी असतात. ती पांढरी, दोऱ्यांसारखी मेणचट विष्ठा टाकतात. कोवळ्या शेंड्यांवर असे पांढरे धागे आणि चिकटपणा दिसला, की सायला आली असे समजावे.

या किडीचे सारे जीवन कोवळ्या पालवीशी बांधलेले आहे. मादी केवळ नव्या नवतीवरच अंडी घालते. एक मादी आयुष्यात आठशेपर्यंत अंडी घालू शकते. अनुकूल हवामानात अंड्यापासून प्रौढ होण्यास पंधरा दिवस पुरतात, तर थंडीत हा काळ दीड महिन्यापर्यंत लांबतो. पिलू अवस्थेत रोगट झाडाचा रस शोषताना जिवाणू किडीच्या शरीरात शिरतो. पुढे पंख फुटल्यावर ही कीड जन्मभर जेथे जाईल तेथे रोग नेते. वाऱ्याची साथ मिळाली तर ती एका बागेतून दुसऱ्या बागेत सहज पोहोचते. म्हणूनच हा रोग बांधापाशी थांबत नाही.

मराठवाड्यात मोसंबीला साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास हस्त बहार येतो. प्रत्येक बहाराबरोबर नवती फुटते आणि नवतीबरोबर सायलाची संख्या वाढते. चाळीस अंशांच्या पुढे जाणारा आपला उन्हाळा तिला मानवत नाही. त्या काळात तिची संख्या रोडावते, पण ती नाहीशी होत नाही. झाडांच्या सावलीत तग धरून ती पहिल्या पावसानंतरच्या पालवीची वाट पाहते.

ओळखायचे कसे?

ग्रीनिंगची लक्षणे जस्ताच्या कमतरतेसारखी दिसतात, आणि खरा घोळ येथेच होतो. तरीही एक फरक बारकाईने पाहिल्यास लक्षात येतो. अन्नद्रव्याच्या कमतरतेत पानावरील पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. ग्रीनिंगमध्ये तो वेडावाकडा असतो. म्हणजे पानाच्या एका अर्ध्या भागात जेथे पिवळा डाग दिसतो, तेथे दुसऱ्या अर्ध्यात हिरवा असतो. पानाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पेनाने गोल काढून रंग ताडून पाहिला, की हा फरक स्पष्ट होतो. दुसरी खूण म्हणजे कमतरता बहुधा बागभर जाणवते, तर ग्रीनिंगची सुरुवात एखाद्या झाडाच्या एखाद्याच फांदीपासून होते. हिरव्या झाडात एकच फांदी पिवळी दिसू लागते.

फळांतही खुणा मिळतात. ती लहान आणि एका बाजूला कललेली असतात. उभी कापली तर मधला अक्ष वाकलेला दिसतो आणि बिया काळपट, वांझ असतात. फळाचा तळ पिकण्याच्या वेळीही हिरवाच राहतो. रोगाला 'ग्रीनिंग' हे नाव त्यावरूनच मिळाले.

तरीही डोळ्यांनी केलेले निदान हा अखेर अंदाजच असतो. खात्रीसाठी पानांच्या नमुन्याची 'पीसीआर' ही जनुकीय तपासणी करावी लागते. १९८५ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या आणि आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत या विषयावर प्रदीर्घ काम झाले आहे. महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत हा जिवाणू असल्याचे अशा तपासण्यांतून दिसून आले आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र बदनापूर येथे, तर फळ संशोधन केंद्र आपल्याच शहरात हिमायतबागेत आहे. संशयित फांदी घेऊन खताच्या दुकानात जाण्याऐवजी तज्ज्ञांकडे जाणे केव्हाही श्रेयस्कर.

फ्लोरिडाचा धडा

दुर्लक्ष केले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने जगापुढे ठेवले आहे. तेथे सायला ही कीड १९९८ मध्ये आढळली आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तेथे संत्र्याच्या चोवीस कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये हा आकडा एक कोटी ५८ लाख पेट्यांवर आला. त्या वर्षी वादळाचाही तडाखा बसला होता हे खरे. पण त्याआधीच रोगाने बागा पोखरलेल्या होत्या. पैसा, यंत्रसामग्री आणि संशोधनसंस्था यांची वाण नसलेल्या देशातील ही गत आहे.

या कहाणीतील एक तपशील शहरवासीयांनी ध्यानात ठेवावा असा आहे. फ्लोरिडात ही कीड राज्यभर पसरण्यास केवळ बागा कारणीभूत नव्हत्या. घरांभोवती कुंपण म्हणून लावण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कुंतीच्या रोपांवरूनही तिने मोठा प्रवास केला. आपल्याकडे मधुकामिनी या नावाने रोपवाटिकांत मिळणारे सुगंधी पांढऱ्या फुलांचे झुडूप ते हेच.

ब्राझीलच्या साव पावलो राज्यात रोग २००४ मध्ये आढळला. तेथील मोठ्या बागायतदारांनी नियमित पाहणी, रोगट झाडे तोडणे आणि किडीचे नियंत्रण या मार्गाने बराच काळ नुकसान मर्यादित ठेवले. परंतु अलीकडच्या काळात तेथेही रोगाने पुन्हा उचल खाल्ली असून २०२४ च्या पाहणीत सुमारे ४४ टक्के झाडांवर लक्षणे आढळली. शिथिलता आली की हा रोग परततो, असा याचा अर्थ.

उपाय तीन, पण एकत्र

रोगट झाड पूर्ण बरे करणारे औषध आजमितीस उपलब्ध नाही. प्रतिजैविकांची टोचणी दिल्यास लक्षणे काही काळ दबतात, पण जिवाणू समूळ नष्ट होत नाही. शिवाय प्रतिजैविकांचा शेतीत सर्रास वापर झाल्यास माणसांच्या आजारांवरील औषधे निष्प्रभ होण्याचा धोका संभवतो. रोगाला दाद न देणारी मोसंबीची व्यापारी जातही अद्याप हाती आलेली नाही. त्यामुळे जगभर तीन उपायांवरच भर दिला जातो.

पहिला उपाय निरोगी कलमांचा. मोसंबीची लागवड रंगपूर लाइम किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेल्या कलमांनी होते. ज्या झाडाचा डोळा घेतला ते झाड रोगट असेल तर रोग थेट नव्या बागेत जातो. त्यासाठी मातृवृक्षांची वेळोवेळी तपासणी आणि कीडरोधक जाळीच्या घरात रोपनिर्मिती आवश्यक ठरते. झाडाच्या अगदी टोकाच्या सूक्ष्म अंकुराचे प्रयोगशाळेत कलम करून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करण्याचे तंत्रही उपलब्ध आहे. फळरोपवाटिकांना परवाना बंधनकारक करणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. परवानाधारक रोपवाटिकेतून पावतीसह कलमे घेणे, हा बागेचा पहिला विमा मानावा. रस्त्याकडेच्या स्वस्त कलमात वाचलेले चार पैसे पुढे बागेच्या किमतीने फेडावे लागतात.

दुसरा उपाय सायलाच्या नियंत्रणाचा. येथे औषधापेक्षा वेळ महत्त्वाची आहे. आंबे बहारासाठी बागेला ताण दिलेला असतो, तेव्हा झाडावर नवती नसते आणि उरलेले प्रौढ कीटक जुन्या पानांवर उघड्यावर असतात. नवती फुटण्यापूर्वी त्यांचा बंदोबस्त झाला तर पुढची पिढीच उभी राहत नाही. त्यानंतर नवती निघताच शेंडे तपासावेत आणि कीड दिसल्यासच फवारणी करावी. फुले उमललेली असताना कीटकनाशके फवारू नयेत, कारण त्यात मधमाश्या बळी पडतात. एकाच गटातील औषध वारंवार वापरल्यास कीड त्याला सरावते, म्हणून विद्यापीठाच्या शिफारशीनुसार औषधे आलटून-पालटून वापरणे आणि निंबोळीवर आधारित औषधांचा त्यात समावेश करणे हिताचे ठरते.

निसर्गाने या किडीला शत्रूही दिले आहेत. ढालकिडे, क्रायसोपा आणि 'टॅमॅरिक्सिया रेडिएटा' ही इवलीशी गांधीलमाशी त्यांत प्रमुख होत. ही गांधीलमाशी सायलाच्या पिलाखाली अंडे घालते आणि तिची अळी त्या पिलाला संपविते. हा मित्रकीटक मूळचा आपल्याच उपखंडातला. १९७८ मध्ये तो भारतातून हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर नेण्यात आला आणि तेथे सायलाच्या नियंत्रणात त्याला मोठे यश मिळाले. आपण मात्र अंदाधुंद फवारण्या करून आपल्याच बागेतील या मित्राला मारतो, ही विसंगती होय.

तिसरा उपाय सर्वांत कठीण. रोगाची खात्री झालेले झाड काढून टाकणे. तोडण्यापूर्वी त्यावर फवारणी करणे आवश्यक असते, अन्यथा झाड पडताच कीटक उडून शेजारच्या झाडावर जातात. बुंधाही मुळासकट काढावा लागतो, कारण त्यातून फुटलेले धुमारे पुन्हा रोगाचे घर बनतात.

कुऱ्हाडीचा प्रश्न

कागदावर हा उपाय सोपा वाटतो. प्रत्यक्षात आठ-दहा वर्षे पोटच्या पोरासारखे वाढविलेले, अजून थोडीफार फळे देणारे झाड तोडण्यास कोणाचाही हात धजावणार नाही. त्यात मराठवाड्याच्या शेतकऱ्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला आहे. टँकरने पाणी घालूनही त्या वर्षी मोसंबीच्या असंख्य बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांना त्या तोडाव्या लागल्या. ज्याने दुष्काळात बाग गमावून ती पुन्हा उभी केली, त्याला 'झाड तोड' असे सांगणे सोपे नाही.

म्हणूनच काही जाणकार वेगळा मार्ग सुचवितात. जस्त, मँगनीज, लोह यांसारखी अन्नद्रव्ये पानांवाटे देऊन, पाण्याचे नियोजन सुधारून रोगट झाडालाही काही वर्षे उत्पादनक्षम ठेवता येते, असा त्यांचा दावा आहे. त्यात तथ्य आहे. सशक्त झाड रोग अधिक काळ सोसते. पण असे झाड उभे राहिले म्हणजे रोगाचे कोठारही उभे राहते आणि त्याची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते. जुन्या, सर्वत्र रोगट झालेल्या बागेत पोषणाचा मार्ग समजण्यासारखा आहे. नव्या बागेत, जेथे शंभरांत दोन-चार झाडेच रोगट आहेत, तेथे मात्र तोडणे हेच शहाणपणाचे.

हा निर्णय एकट्या शेतकऱ्यावर सोडणे मात्र न्याय्य नाही. एकाने झाडे तोडली आणि बांधापलीकडच्याने ठेवली, तर पहिल्याचा त्याग वाया जातो. एकाने फवारले आणि दुसऱ्याने नाही, तर कीड फक्त घर बदलते. गावातील शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात फवारणी करणे, शक्यतो एकच बहार धरणे आणि पाहणीही मिळून करणे गरजेचे आहे. शिवारात कोठे ना कोठे सतत नवती असेल, तर किडीला उपवास घडतच नाही. राज्य शासनाने पैठण तालुक्यात इसारवाडी येथे मोसंबीसाठी सिट्रस इस्टेट मंजूर केली आहे. रोगमुक्त कलमांचा पुरवठा, नमुन्यांची स्वस्त तपासणी आणि तोडलेल्या झाडाबद्दल काही भरपाई या तीन गोष्टी अशा व्यासपीठावरून साधल्या, तर तिचे सार्थक होईल. फळबाग लागवडीला अनुदान देणाऱ्या योजना राज्यात १९९० पासून आहेत. लावण्यासाठी पैसा मिळतो, तसा वाचविण्यासाठीही मिळाला पाहिजे.

शहराने काय करावे?

आपला याच्याशी काय संबंध, असा प्रश्न शहरी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो आपल्या अंगणापर्यंत पोहोचतो. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात शोभेसाठी लावलेली कुंती, परसातला कढीपत्ता आणि कुंडीतले लिंबू या तिन्हींवर सायला वाढते. कढीपत्ता हा या जिवाणूचे घर मानला जात नाही, पण किडीला तो पोसतो. ही झाडे उपटून टाका, असे कोणी म्हणत नाही. परंतु त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरे धागे दिसले तर ते शेंडे खुडून नष्ट करावेत, साबणाच्या पाण्याचा किंवा निंबोळी तेलाचा फवारा मारावा. शहरातून गावाकडे जाताना अशी रोपे, फांद्या किंवा डोळेकाड्या सोबत नेऊ नयेत. गावी बाग असलेल्या शहरवासीयांची संख्या आपल्याकडे लहान नाही, त्यामुळे ही दक्षता महत्त्वाची ठरते.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला पाऊस हाती नाही, बाजारभाव हाती नाही. ग्रीनिंगच्या बाबतीत मात्र कलम कोठून घ्यायचे, नवती केव्हा तपासायची आणि शेजाऱ्याशी कधी बोलायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे. झाड एकदा रोगट झाले की त्यावर इलाज नाही. म्हणून बागेत पहिली पिवळी फांदी दिसेल, त्याच दिवशी हालचाल करावी.